सुरंगीचा मुहूर्त

नवरीकडच्या तिघी दुकानात आल्या तेव्हा माघ संपत आला होता आणि मी खाली बसून शेवंतीचे देठ खुडत होते. नवरी, तिची आई आणि आजी. फोंड्यातलं आमचं दुकान सासऱ्यांच्या वेळचं. आधी फक्त देवळांचे हार, मग चतुर्थी-दसऱ्याची गिऱ्हाइकं, आणि गेली 9 वर्षं मी लग्नाची कामंही घेते. त्यामुळे कोण काय बोलणार ते आता साधारण पाठ झालंय. नवरी मोबाइल काढते, आई खर्च विचारते आणि आजी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून दुकानभर नजर फिरवते.

मोबाइलमध्ये नेहमीचंच होतं. फिकट गुलाबी, दुधाळ पांढरा, कुठल्याशा राजवाड्यातली कमान आणि मधेमधे ती वाळक्या गवताची पिसं, ज्यांना पाम्पस म्हणतात. मार्च महिन्यात गोव्यात बाहेर बघाल तर काजूचा मोहोर, पांगाऱ्याची लालभडक फुलं, नवी तांबूस पालवी, आणि लग्नात मात्र सगळ्यांना रंग उडालेलं पाहिजे. असो, गिऱ्हाइकाची आवड. "होईल," मी म्हटलं.

"ताई, मुहूर्त सकाळचा आहे हां," आई म्हणाली. "11 वाजून 38 मिनिटं. देवस्थानाच्या सभागृहात. हॉल आदल्या रात्री 8 नंतरच मिळेल. कोठीची खोली मात्र सकाळपासून उघडून देतील."

निघता निघता आजी माझ्याजवळ आली. "गो बाय, सुरंगीच्या फुलांचा वळेसर, गजरा गो, मिळेल? माझ्या लग्नात होता. हिच्या आईच्या वेळी नाही मिळाला."

"सुरंगी म्हणजे कुठलं गं आजी?" नवरीने विचारलं.

"बघते," मी म्हणाले. आमच्या धंद्यात 'बघते' म्हणजे बहुतेक वेळा 'नाही'. तोंडावर नाही म्हणायचं नसतं, एवढंच. पण आजीने ते 'हो' म्हणूनच घेतलं. पायरी उतरताना लेकीला सांगत होती, "बघ, मिळणार म्हणाली."

गोव्यात फुलांचा धंदा करायचा तर भिंतीवर दोन कॅलेंडरं लागतात. एक आपलं पंचांग, दुसरं चर्चचं. लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाचे, 40 दिवस लागले की ख्रिस्ती लग्नं थांबतात, आल्तारीवर, म्हणजे चर्चमधल्या वेदीवर, फुलं मांडणंही बंद होतं. ईस्टर झाला की सगळं एकदम अंगावर येतं. हिंदू लग्नं मात्र फाल्गुनात मुहूर्त सापडेल तशी होत राहतात. त्यामुळे या दिवसांत मला मडगावचे दोन कारागीर मोकळे मिळतात. नजर अशी की कमान डोळ्यांनी मोजतात. हे लग्न होतं फाल्गुन वद्यातलं, होळीनंतर लगेच, म्हणजे ऐन शिगम्यात, गोव्यातल्या होळीच्या सणात. तेव्हाच मला जरा शंका यायला हवी होती.

तारीख ठरली की मी वहीत मुहूर्ताची वेळ सगळ्यात खाली लिहिते आणि तिथून वर चढत जाते. प्रत्येक फुलाला आपापली वेळ असते. गुलाब दोन दिवस आधी आणून पाणी पाजावं लागतं, नाहीतर लग्नात माना टाकतो. झेंडू सगळ्यात सोशिक, आदल्या दिवशी ओवला तरी चालतो. अबोलीला वास नाही तशी घाईही नाही. फाती, म्हणजे गुंफलेली माळ, करून ओल्या फडक्यात गुंडाळली की दोन दिवस तशीच राहते. खरी अडचण मोगऱ्याची. मोगऱ्याची कळी सकाळी खुडतात, ती संध्याकाळी उमलते आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कडेने तपकिरी पडते. संध्याकाळच्या रिसेप्शनला याच्यासारखं फूल नाही. सकाळच्या मुहूर्ताला मात्र त्याला रात्रभर बर्फाच्या पेटीत फसवून ठेवावं लागतं, म्हणजे तो आपला उमलायचा थांबतो आणि सकाळी बाहेर काढल्यावर त्याला वाटतं आताच संध्याकाळ झाली.

आणि सुरंगी नेमकी उलटी. ती सकाळची.

माझं माहेर पेडणे तालुक्यातलं. मामाच्या परसात सुरंगीचं एक झाड आहे, लहानपणी त्याच्याखाली आम्ही पोरी बसायचो. पण खरं सांगते, लग्न होऊन फोंड्यात आल्यापासून मी त्या झाडाकडे धंद्याच्या नजरेने कधी पाहिलंच नव्हतं. सुरंगीचा वळेसर म्हापशाच्या बाजारात शुक्रवारी एखाद्या बाईच्या टोपलीत दिसायचा, विकत घ्यायचा, माळायचा, संपलं. म्हणून लग्नाच्या दहा-बारा दिवस आधी एका पहाटे मी मामाकडे जाऊन बसले.

सुरंगीचं फूल पानांच्या टोकाला येत नाही. जुन्या, जाड फांद्यांना चिकटून, सालीतून फुटल्यासारखे कळ्यांचे घोस लागतात. कळ्या वाटाण्याएवढ्या, गोल गरगरीत. मामेभाऊ बॅटरी डोक्याला बांधून वर चढला, खाली मामीने दोन जुनी लुगडी अंथरली. अंधारात कळ्या टपटप पडत होत्या. झाडाला बेचका म्हणून नाही, शेवाळाने निसरडं, आणि उजाडायला लागलं की मधमाश्या येतात. त्या एवढ्या येतात की झाड घुमायला लागतं. म्हणून सगळं काम उजाडायच्या आत. मामेभावाला मी विचारलं, "चावत नाहीत?" म्हणाला, "त्यांना माझ्यात काय रस! पण फांदीवर हात ठेवताना बघून ठेवायचा."

मी एक पिशवी भरून कळ्या ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि फोंड्याला निघाले. म्हटलं, दुकानात बसून निवांत ओवीन. म्हापशापर्यंत येईतो ऊन वर आलं. पिशवी उघडून पाहिली तर अर्ध्याअधिक कळ्या फुटलेल्या. चार नाजूक पांढऱ्या पाकळ्या आणि मधे पिवळ्या केसरांचा हा एवढा झुपका. दिसायला सुंदर, पण ओवायला बसलं की दोऱ्याच्या ओढीने पाकळ्या गळतात, केसर हातात येतं. दुकानात पोचले तेव्हा पिशवीत पिवळा भुगा होता. वास मात्र असा की बाजूच्या स्टेशनरीवाल्याने डोकं बाहेर काढून विचारलं, "वयनी, काय आणलंत?"

संध्याकाळी मामीला फोन केला. ती हसली. "अगो, सुरंगी झाडाखालीच ओवायची असते. कळी असतानाच. मग ती डोक्यात गेल्यावर उमलू दे की. आई तुझी तसंच करायची." आता हे मला माहीत नव्हतं असं नाही. आईच्या मांडीवर केळीच्या सोपाचे ओले धागे आणि समोर कळ्यांचं सूप, हे चित्र डोळ्यांसमोर आहे. पण ते कितीच्या ठोक्याला, याचा विचार कधी केलाच नव्हता. आता हिशोब मांडला. साडेचारला खुडायचं, सहाला ओवून तयार, केळीच्या पानात बांधून मामेभावाने मोटारसायकलवर निघायचं. पेडणे, म्हापसा, पर्वरी, मग जुनं गोवं, बाणस्तारी आणि फोंडा. 60-एक किलोमीटर. मुहूर्त 11:38 चा. बसत होतं. घासून, पण बसत होतं.

बाकीची ऑर्डर सरळ होती. झेंडू 60 किलो आणि शेवंती 15 किलो बेळगावहून. ती गाडी रात्री चोर्ल्याच्या घाटातून उतरते आणि पहाटे साखळीवरून आमच्याकडे येते. डच गुलाबाच्या 25 जुड्या आणि कार्नेशनच्या 12, तळेगावकडच्या पॉलिहाउसमधून, बसच्या डिकीत खोक्यांतून. एका जुडीत 20 दांडे. ऑर्किड मात्र इथलीच, सत्तरीत एकाचं शेडनेट आहे, आपल्या दमट हवेत डेंड्रोबियम झकास येतं.

पाम्पसचं काय करायचं ते मात्र मनाशी ठरवून टाकलं होतं. माडाची पोय, म्हणजे नारळाच्या फुलांचा तुरा. कोवळी पोय पाती फोडून बाहेर आली की तिच्या झुबक्यांचा जो साईसारखा रंग असतो, तो त्या वाळक्या गवताला सात जन्मांत यायचा नाही. नवरीला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "हे काय आहे? खूपच छान!" ज्या मुलीच्या घराला माडांचं कुंपण, तिने हे विचारावं. पोय मिळवणं मात्र सोपं नव्हतं. एक पोय कापली म्हणजे नारळांचा एक घोस गेला, आणि भाटकार, म्हणजे बागेचा मालक, ते बरोबर मोजतो. 14 पोयी हव्या होत्या. ओळखीच्या बागेतून, उंच गेलेल्या, फारसं न धरणाऱ्या माडांवरच्या मिळाल्या, तरी पैसे घोसाच्या हिशोबानेच पडले.

बुधवारी सकाळी गुलाब आणि कार्नेशन आले. खोकी उघडली की मी आधी गुलाबाची बोंडं खालून, देठाच्या अगदी वर, चिमटीत हलकी दाबून बघते. घट्ट लागली पाहिजेत. मऊ लागली तर माल शिळा, मग वरून कितीही टवटवीत दिसो. हा माल चांगला होता. पत्र्याच्या बादल्या रात्रीच साबणाने घासून ठेवल्या होत्या. गुलाबाला लोक वरून पाणी मारत बसतात. त्याचा उपयोग फोटोपुरता. त्याला पाणी खालून पाहिजे. खालची पानं काढायची, कारण पाण्यात बुडालेलं पान कुजतं. मग दांड्याचं टोक पाण्याखाली धरूनच तिरकं छाटायचं, बोटाच्या पेराएवढं. बाहेर छाटलं तर कापाच्या तोंडाशी हवा शिरते आणि पाणी वर चढत नाही. बादलीत कोमट पाणी, आणि लिटरमागे चमचाभर साखर, दोन चमचे लिंबाचा रस आणि ब्लीचचे चार थेंब. साखर फुलाला खायला, लिंबाने पाणी जरा आंबट झालं की ते दांड्यातून सुखाने चढतं, आणि ब्लीचने जंतू वाढत नाहीत. नाहीतर तेच दांड्याच्या नळ्या बुजवतात. बाजारात याच्या पुड्या मिळतात. माझ्या सासूबाई अजून या लिंबू-साखरेवर हसतात. "फुलांक सरबत," म्हणतात. 500 दांडे व्हायला दुपारचे तीन वाजले. हातांचं काय होतं ते विचारू नका, गोणपाटाचा तुकडा धरला तरी काटा आपली जागा शोधतो.

गुरुवारी सकाळी कोठीची खोली उघडून मिळाली. जुन्या बांधणीची, चिऱ्याच्या जाड भिंतींची, उत्तरेकडची. आत शिरलं की पायांना गारवा लागायचा. दुकानातला फ्रीज गुलाब आणि मोगऱ्याच्या कळ्यांनी भरला होता. ऑर्किड तसंही फ्रीजमध्ये ठेवत नाही मी. उष्ण हवेचं फूल ते, फार गारठलं की काळे डाग पडतात. म्हणून 10 वाजता कार्नेशनच्या बादल्या आणि ऑर्किडचं खोकं त्या कोठीत नेऊन ठेवलं, दार ओढलं आणि निघून आले. खोली रिकामी होती. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

दिवसभर दुकानात आणि मागच्या ओट्यावर 8 बाया बसल्या होत्या. झेंडूच्या माळा, वरमाला, मुंडावळ्या. हल्ली मुंडावळ्या मोत्यांच्याच असतात. इथे आजीचा हट्ट होता फुलांच्या, म्हणून निशिगंधाच्या कळ्यांच्या केल्या. सासूबाई एका बाजूला अबोलीच्या फात्या करत होत्या. त्या म्हार्दोळच्या, जाईच्या गावच्या. पावसाळ्यात तिथे महालसेची जायांची पूजा होते, तेव्हा गावभर बोटं चालतात. अबोली त्यांना म्हणजे विसावा. गाठ मारताना त्या बघतसुद्धा नाहीत. केळीचा धागा पायाच्या अंगठ्यात अडकवलेला, दोन फुलं इकडे, दोन तिकडे, फेरा, गाठ, आणि तोंडाने शेजारणीच्या सुनेची गोष्ट चालू.

8 वाजता पिकअप भरून निघालो आणि दहाव्या मिनिटाला अडकलो. त्या रात्री फोंड्यात शिगम्याची मिरवणूक होती. तारीख मला माहीत होती, वहीत लिहिलीही होती. वाटलं होतं, बाजूच्या रस्त्याने निघून जाऊ. बाजूचा रस्ताही बंद. समोर रोमटामेळ, ढोल-ताशे, उंच झेंडे, "ओस्सय, ओस्सय!" आणि मागे चित्ररथांची रांग. गाडीत 60 किलो झेंडूच्या माळा, मागे ताडपत्री, वाऱ्याचं नाव नाही. ओवलेला झेंडू ढिगात कोंडला की आतून तापतो. हात घालून बघा, गरम लागतो. मडगावच्या दोघांनी ताडपत्री काढली आणि माळा गाडीच्या दांड्यांवर, आरशांवर, जमेल तिथे टांगल्या. लोकांना वाटलं हाही एक चित्ररथ. एका पोराने तर विचारलं, "तुमचा विषय काय?" ड्रायव्हर अण्णा खिडकीतून म्हणाला, "फुलवाली रस्त्यात."

सभागृहात पोचलो साडेअकराला. माळा वाचल्या. आता आधी कार्नेशन बाहेर काढू म्हणून कोठीचं दार उघडलं, आणि नाकावर तो गोड, जड वास आला. बॅटरी वर केली. तुळईला रांगेने केळ्यांचे 8 घड टांगलेले. जेवणाच्या पंगतीसाठी आणलेले, अर्धे हिरवे, अर्धे पिवळे. आणि त्यांच्या खाली माझ्या बादल्या.

पिकणारं फळ एक वायू सोडतं, इथिलीन. रंग नाही, माणसाला कळतही नाही. त्या वायूनेच केळी एकमेकांना पिकवतात. आंब्याच्या आढीतही तेच चालतं. फुलाला तोच वायू लागला की त्याला वाटतं आपलं आयुष्य संपलं. सगळ्या फुलांचं सारखं नसतं, पण कार्नेशन त्याला फार भितं. बंद खोलीत कित्येक तास. पाकळ्या कडेने आत वळल्या होत्या, झोपी गेल्यासारख्या. एकदा असं मिटलं की परत उघडत नाही, पाणी बदला, छाटा, काही करा. ऑर्किडच्याही टोकाकडच्या कळ्या पिवळ्या पडून गळल्या होत्या, उमललेली फुलं तेवढी शाबूत होती. 240 कार्नेशनमधली मी एकेक उचलून पाहिली. 31 बरी निघाली.

घड टांगणाऱ्याचा काय दोष? त्याला गार खोली हवी होती, मलाही गार खोली हवी होती. दारावर चिठ्ठी लावायला मला दोन मिनिटं लागली असती. मी पायरीवर बसले आणि, लपवत नाही, रडले थोडी.

मग उठून काम सुरू केलं, कारण पोयी आणि गुलाब तर होतेच. मांडवाच्या चार खांबांना केळीचे गाभे बांधले. घड उतरवलेली केळ तशीही तोडून टाकतात, तिचा गाभा पाण्याने भरलेला असतो. त्यात भोक पाडून दांडा खोचला की फूल सकाळपर्यंत ताजं. हिरवा फोम मी वापरतच नाही असं नाही, स्टेजवरच्या उंच कुंड्यांना तो लागतो. तो पाण्यावर ठेवून आपोआप बुडू द्यायचा. हाताने दाबला की आत कोरडे कप्पे राहतात आणि नेमकं तिथलंच फूल मान टाकतं. पण नंतर त्याचा जो हिरवा चुरा होतो तो कुजत नाही, कुठे टाकायचा तेही कळत नाही. केळीचा गाभा गाईला घातला तरी चालतो.

पहाटे साडेचारला मांडवाचे वरचे भाग झाले होते, पण लग्नाच्या चौरंगामागची मुख्य चौकट, जी पूर्ण कार्नेशनने भरायची होती, ती रिकामी. तोंडावर पाणी मारायला तळीकडे गेले, तर पायाखाली चाफा. तळीच्या काठी पांढऱ्या चाफ्याची तीन जुनी झाडं. फाल्गुनात पान एक नाही, नुसत्या वाकड्या फांद्या आणि टोकांना फुलांचे गुच्छ. भटजी आंघोळीला आले होते. त्यांना सगळं सांगितलं. ते थोडा वेळ झाडाकडे बघत राहिले. "देवाला पुरेल तेवढी ठेव. खालच्या फांद्यांवरची घे."

एक बाई कुरकुरली, "लग्नात चाफा?" सासूबाई फात्यांची टोपली घेऊन नुकत्याच आल्या होत्या. "देवाक चलता मगो?" एवढंच म्हणाल्या आणि स्वतः खुडायला लागल्या.

चाफ्याचा चीक वाईट. पांढरा, चिकट, कपड्यावर पडला की डाग जात नाही, हाताला खाज. म्हणून फुलं आधी बादलीत बुडवून चीक धुऊन घेतला. मग माडाचे हीर बोटभर कापून फुलाच्या मधोमध टोचले आणि गाभ्यात खोचले. आम्ही सहाजणी, तासाला किती केली मोजलं नाही. साडेआठला चौकट भरली. मधे ती 31 कार्नेशन, ऑर्किड, दोन्ही कडांना पोयी. चाफ्याच्या पोटातला पिवळा रंग वर येईल अशी भीती होती, पण लांबून तो साईसारखाच दिसत होता. नवरीच्या आईने येऊन पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी केळ्यांची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "कार्नेशनचे पैसे मी देणार नाही हां ताई." बरोबरच होतं. मग म्हणाली, "पण हे राहू दे. फोटो येईल चांगला."

मामेभाऊ 9 वाजता यायचा होता. नऊ वाजले, सव्वानऊ झाले. फोन लागेना. नवरीचे केस बांधायला आलेल्या मुलीने दोनदा विचारलं, "ताई, फुलं?" अबोलीची फाती आंबाड्याभोवती लावून झाली. 10 वाजून 5 मिनिटांनी तो आला, हेल्मेटवर धूळ, पर्वरीच्या गर्दीत तासभर अडकलेला. पोटाशी जॅकेटच्या आत केळीच्या पानाचा पुडा. "आई म्हणाली उन्हात धरू नको, म्हणून आत घातला," म्हणाला.

पुड्यात 5 वळेसर. पान उघडलं तेव्हा कळ्या अजून मिटलेल्या होत्या, टोकाशी जेमतेम पांढरी रेघ. नवरी आरशातून बघत होती. "हीच ती?" तिच्या आवाजात जरा निराशा होती आणि मला ती कळली. मोबाइलमधल्या फुलांपुढे हे म्हणजे दोऱ्यात ओवलेले वाटाणे. अबोलीच्या वर दोन फेरे घातले. एक वळेसर आजीला दिला, एक आईला. उरलेले दोन करवल्यांनी पळवले.

मुहूर्ताला मी नेहमी मागे, खांबाला टेकून उभी असते. कुठे काही निसटलं तर धावता यावं म्हणून, आणि बसलं तर झोप येते म्हणून. मंगलाष्टकं सुरू झाली. स्टेजवरचे मोठे दिवे, गर्दीची ऊब, बाहेर चढलेलं ऊन. तिसऱ्या मंगलाष्टकाच्या सुमाराला चाफ्याच्या वासाखालून दुसरा वास वर आला. आधी वाटलं कोणी अत्तर मारलंय. मग पुढच्या रांगेतल्या बायका इकडेतिकडे बघायला लागल्या. अंतरपाटाच्या अलीकडे नवरीचा आंबाडा मला पाठमोरा दिसत होता, आणि अबोलीच्या केशरीवर पिवळे झुपके फुटत होते, एकेक करून नव्हे, सगळे मिळून. खिडकीतून एक मधमाशी आत आली. करवली पदराने तिला हाकलतेय, ती पुन्हा आंबाड्यावर येतेय, नवरीचा मामा हातात अक्षता घेऊन हसतोय, आणि भटजींचा सूर काही चुकत नाही.

अक्षता पडल्यावर आजी माझ्याकडे आली. बोलली काही नाही. आपल्या डोक्यातला वळेसर सोडून तिने रुमालात घडी करून ठेवला होता, तो उघडून दाखवला आणि परत पिशवीत घातला. सुरंगी वाळली तरी वास धरून ठेवते. कपाटात लुगड्यांच्या घडीत ठेवायचा असणार.

दोन वाजेपर्यंत चाफ्याच्या कडा तपकिरी पडायला लागल्या, पण तोवर फोटो होऊन गेले होते. हिशोब केला. कार्नेशन माझ्या खिशातून, चाफ्यासाठी देवळाच्या पेटीत टाकले ते माझ्या खिशातून, पोयींचे मिळाले. मामेभावाने पेट्रोलचे पैसे घेतले नाहीत, जेवायला मात्र बसला.

मीही त्याच्या शेजारी बसले. वरण, खतखतं, वडे, मग मणगणं वाढलं. शेवटी एक मुलगा परातीत केळी घेऊन आला, पिवळीधमक, एक डाग नाही. एका रात्रीत काय सुंदर पिकली होती.

मी दोन घेतली.